दोन रेघांच्या मधली तुंगा

मी एक जुना लाकडी जिराफ आहे, आणि मी रागावलेला आहे. मित्रांनो, लाकडाला राग येत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी माझ्याशेजारी एक रविवार उभं राहून बघावं. आत्मवृत्त सांगणाऱ्याने गोड बोलावं अशी रीत आहे, ती मलाही ठाऊक आहे. पण गोड बोलून माझी पंचवीस वर्षं गेली आणि कुणाच्या कानावरची माशीही उठली नाही.

माझा जन्म चन्नपट्टणचा. आमच्या गावात लाकडी खेळणी होतात. बाबाजान कातारी यांनी मला पांढऱ्या, मऊ लाकडातून घडवलं. फिरत्या लाकडावर त्यांनी लाखेच्या कांड्या टेकवल्या, रंग वितळून माझ्या अंगावर चढला, आणि मग केवड्याच्या वाळक्या पानाने घासून घासून त्यांनी मला असं चमकवलं की त्यांची नात माझ्या मानेत तोंड बघून भांग पाडायची. माझे पाय, मान, शिंगं सगळं त्यांनी अर्ध्या दिवसात उरकलं. उरलेला दीड दिवस फक्त दोन रेघांना लागला. पावणेचार फुटांवर पिवळी आणि चार फुटांवर लाल.

मला घ्यायला गौरम्मा आल्या तेव्हा बाबाजान त्यांना म्हणाले, "टीचरम्मा, याची शेपूट वाकडी निघाली तर मला शिव्या द्या. पण रेघ हलली तर मला थोबाडीत मारा. या रेघेवर कुणाचं तरी लेकरू उभं राहणार आहे."

गौरम्मा शाळेत चित्रकला शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी बंगळूर-म्हैसूरच्या जुन्या रस्त्यावर 'चिण्णर तोट' नावाची बाग काढली. नावाप्रमाणेच ती चिल्यापिल्यांची बाग. घोट्याइतक्या पाण्यातल्या होड्या, हत्तीच्या सोंडेची घसरगुंडी, एक मोठा पाळणा आणि एक बुटकी आगगाडी. या आगगाडीची एक पद्धत आहे. दर फेरीला एका मुलाने गार्ड व्हायचं, दोरी ओढून घंटा वाजवायची आणि वळणावळणाला स्टेशनांची नावं ओरडायची, "बिडदी! रामनगर! चन्नपट्टण! मद्दूर! मंड्या!" नावं पाठ असतील तोच गार्ड. त्यासाठी मुलं घरून पाठ करून यायची.

मला तिकीटखिडकीच्या बाहेर उभं केलं. काम सोपं. पिवळ्या रेघेच्या आत डोकं असेल तर अर्धं तिकीट. लाल रेघेच्या वर डोकं गेलं तरच मोठा पाळणा. पहिली दहा वर्षं माझा मोठा थाट होता. शाळांच्या सहली यायच्या, मुलं माझ्या गळ्यात पडायची, गौरम्मा दर सोमवारी मला खोबरेल तेल लावायच्या. "आमचा जिराफ खोटं बोलत नाही," असं त्या सगळ्यांना सांगायच्या.

जिराफ खोटं बोलत नव्हता हो, पण माणसं! खिडकीपाशी आली की बाप पोराच्या कानात सांगायचा, "गुडघे वाकव. मान आत घे." पोर बिचारं कासव व्हायचं आणि अर्धं तिकीट मिळायचं. अर्ध्या तासाने तेच पोर मोठ्या पाळण्यात बसायला माझ्याकडे परत यायचं आणि तोच बाप सांगायचा, "टाचा उचल! छाती काढ!" अर्ध्या तासात वीतभर वाढणारी ही मुलं आमच्या कर्नाटकात काय खातात देव जाणे. गौरम्मा मात्र बाहेर यायच्या, चष्मा लावून वाकायच्या आणि म्हणायच्या, "टाचा खाली, कंदा." कंदा म्हणजे बाळ. बाप खजील व्हायचा आणि गोष्ट तिथेच मिटायची.

मग रस्त्याच्या पलीकडे 'मेघलोक' उघडलं. आभाळाला भिडणारे लोखंडी रूळ, किंचाळ्या, दिवसभर गाणी. आमच्याकडची गर्दी ओसरली. पावसाने माझा एक कान गळून पडला, रंगाचे पापुद्रे निघाले आणि शेजारच्या चहाच्या टपरीवाल्याने माझ्या उरलेल्या कानाला पिशव्या अडकवायला सुरुवात केली. त्याचं मला फार दुःख नाही. राग आहे तो वेगळ्याच गोष्टीचा. दोन बागांच्या मधोमध ही टपरी, त्यामुळे गाड्या इथेच थांबतात, आणि कुठल्या बागेत जायचं याचा निवाडा माझ्या पायाशी चालतो. शेकडो निवाडे मी ऐकले. त्यात ज्यांच्यासाठी सहल काढली त्या पोरांना कुणी विचारल्याचं मी बोटावर मोजण्याइतकंच ऐकलं.

गेल्या रविवारचंच सांगतो. सकाळी दहाला मंड्याहून एक भाड्याची व्हॅन आली. आतून उतरले नागेंद्रप्पा, त्यांचा धाकटा भाऊ स्वामी, स्वामीची बायको जयशीला, म्हातारी सण्णम्मा अज्जी, आणि स्वामीची दोन मुलं. तुंगा पहिलीत आणि चिन्नू दोन वर्षांचा, आईच्या खांद्यावर. तुंगा नवा परकर नेसली होती, डोक्यावर अंबाडा आणि त्याभोवती अबोलीचा गजरा. ती उतरली तीच पुटपुटत, "बिडदी, रामनगर, चन्नपट्टण..."

चहा आला आणि निवाडा सुरू झाला.

"मेघलोक," नागेंद्रप्पांनी निकाल देऊन टाकला. "आमच्या ऑफिसातला प्रत्येक जण पोरांना घेऊन तिथं जाऊन आलाय. फोटो दाखवून दाखवून डोकं खाल्लंय माझं."

"भावोजी, पण चिन्नू दुपारी झोपतो," जयशीला म्हणाली. "तिथं त्याला टेकवायला जागा नाही म्हणतात. आणि दोघंही लहान आहेत, बसणार कशात?"

अज्जी म्हणाली, "मला काही कळत नाही बाबा. सावली कुठं आहे आणि संडास कुठं स्वच्छ आहे, तिकडं चला."

"आई, आपण संडास बघायला पेट्रोल जाळून आलोय का?"

"तू नाही बघणार. पण चिन्नूला घेऊन मलाच जावं लागतं ना, माझ्या राजा!"

स्वामी चहा पीत राहिला. मोठ्या भावापुढे बोलायचं नाही, हे त्याने लहानपणी ठरवलं आणि मग तो लहानच राहिला.

तुंगाने थोरल्या काकांचा, म्हणजे नागेंद्रप्पांचा, शर्ट ओढला. "दोड्डप्पा, मला आगगाडीत गार्ड व्हायचंय. मला सगळी नावं येतात. म्हणू?"

"आगगाडी काय, आपल्या मंड्याला रोज दिसते. इकडं ये, बघू तू किती मोठी झालीस." आणि त्यांनी तिला माझ्याशी उभं केलं.

मित्रांनो, तुंगा माझ्या दोन रेघांच्या अगदी मधोमध होती. पिवळीच्या दोन बोटं वर, लालच्या दोन बोटं खाली. म्हणजे तिकीट पूर्ण, आणि मोठ्या पाळण्यात बसायला अजून वर्षभर बाकी. इतकं सरळ होतं. पण नागेंद्रप्पांनी अबोलीचा गजरा बघितला. गजरा लाल रेघेला टेकत होता.

"हे बघा! चार फूट! तिथले सगळे पाळणे चालतील हिला. चला!"

"भावोजी, तो गजरा आहे," जयशीला म्हणाली.

"गजरा तिच्याच डोक्यावर आहे ना?"

यावर त्यांनी स्वतःच हसून घेतलं. गौरम्मा नेमक्या आत पाणी सोडायला गेल्या होत्या. मी ओरडलो, पण लाकडाचं ओरडणं लाकडालाच ऐकू येतं. व्हॅन रस्ता ओलांडून गेली. तुंगा मागच्या काचेतून आमची आगगाडी दिसेनाशी होईपर्यंत बघत होती.

पुढचं मी पाहिलं नाही. दुपारी साडेचारला व्हॅन परत आली, तेव्हाच्या भांडणातून मला ते कळलं. तुंगाचा गजरा गेला होता, अंबाडा सुटला होता आणि गुडघ्यावर पट्टी होती. ती रडत नव्हती. तिच्याऐवजी जयशीला बोलत होती. अख्ख्या टपरीने चहा खाली ठेवला, इतक्या मोठ्याने.

"खिडकीपाशी तुम्ही तिला गुडघे वाकवायला लावलेत, भावोजी! अर्ध्या तिकिटासाठी! तिच्या हातात लहान मुलांची पिवळी पट्टी बांधली. आणि त्या गरगर फिरणाऱ्या पाळण्यापाशी गेल्यावर म्हणालात, पट्टी बाहीत ढकल, टाचा उचल!"

"हळू बोल. लोक बघतायत."

"बघू देत! पहिल्या माणसाने गजरा हाताने दाबून बघितला आणि नाही म्हणाला. चांगला माणूस होता तो. तुम्ही त्याच्याशी भांडलात, आणि त्याची पाळी बदलेपर्यंत पोरीला उन्हात उभं ठेवलंत. दुसऱ्याने गर्दीत बघितलंच नाही. तो लोखंडी दांडा तिच्या मांडीला टेकतसुद्धा नव्हता. पहिल्याच वळणाला माझी पोर खालून सरकली. शेजारच्या त्या बाईने परकर धरून ठेवला नसता तर? तिचं नावसुद्धा मला माहीत नाही!"

"झालं काही का? थांबवला ना त्यांनी पाळणा?"

तेव्हा स्वामी बोलला. आयुष्यात पहिल्यांदाच बोलला असावा, कारण अज्जीनेही वळून पाहिलं. "अण्णा, पुरे. मी गप्प बसलो ही माझी चूक. आता तुम्ही गप्प बसा."

नागेंद्रप्पांनी मोबाइल काढून त्यात डोकं घातलं. अज्जी तुंगाचे केस सारखे करत म्हणाली, "चल माझी बाय, तुझ्या आगगाडीत बसू. शेवटची फेरी पाचला असते. तू गार्ड हो."

गौरम्मा खिडकीत होत्या. तुंगा आपल्या पायांनी चालत माझ्यापाशी आली आणि पाठ लावून उभी राहिली. कुणी सांगितलं नव्हतं. दिवसभरात तिला एवढं कळलं होतं की आत जायच्या आधी मोजून घ्यावं लागतं. मग तिने नागेंद्रप्पांकडे बघून विचारलं,

"दोड्डप्पा, आता वाकू की टाचा उचलू?"

ती चिडून विचारत नव्हती. शहाण्या मुलीसारखं विचारत होती, जेवायच्या आधी हात धुऊ का, असं विचारावं तसं.

गौरम्मा बाहेर आल्या, चष्मा लावून वाकल्या. "काहीच करू नकोस, कंदा. नुसती उभी राहा."

मित्रांनो, तिला ते जमेना. तिने टाचा उचलल्या, मग घाईने खाली टेकवल्या, मग गुडघे वाकले, मग पुन्हा टाचा. तिची पाठ माझ्या अंगावर वर-खाली घासत होती आणि सकाळी अचूक मोजलेलं मूल मला मोजता येत नव्हतं. इतक्या वर्षांत हजारो मुलं माझ्याशी उभी राहिली, पण नुसतं उभं राहायचं कसं हे विसरलेलं मूल मी पहिल्यांदाच पाहिलं. जयशीला तिच्यापुढे गुडघ्यांवर बसली आणि तिने दोन्ही हातांनी तुंगाची पावलं जमिनीवर धरून ठेवली. बराच वेळ धरून ठेवली.

तुंगा आगगाडीत बसली, पण आईच्या मांडीवर. गार्ड होतेस का, असं गौरम्मांनी विचारल्यावर तिने मान हलवली. "मी तेवढी मोठी नसेन," म्हणाली. घंटा दुसऱ्याच एका मुलाने वाजवली. त्याला बिडदीच्या पुढचं काही येत नव्हतं, तेव्हा गाडी प्रत्येक वळणावर बिडदीलाच पोचत राहिली. आठवडाभर पाठ केलेली सगळी नावं तुंगाच्या तोंडात होती आणि तिने ओठ घट्ट मिटले होते.

म्हणून मी रागावलो आहे. माझ्या गळालेल्या कानासाठी नाही, उडालेल्या रंगासाठी नाही. मला तेल लावू नका, हवं तर उद्या सरपणात घाला. पण मित्रांनो, हे तुमच्या आईबाबांना आणि काकांना मोठ्याने वाचून दाखवा. सहलीला कुठल्या बागेत जायचं हे ठरवण्याआधी ज्याची सहल आहे त्याला विचारा. पोर दोन बोटं कमी असेल तर वर्षभर थांबा. पोरं फुकट वाढतात, त्याला कसलंही तिकीट लागत नाही. मी लाकडाचा आहे, मला वाकवलंत तर मी कडकन मोडेन आणि सगळ्यांना ऐकू जाईल. पोर निमूट वाकतं, म्हणून तुम्हाला वाटतं की काही मोडलंच नाही.