गौरीचे हात

चांदे गावच्या धोंडाबाईच्या घरात गौर तेरड्याची असायची आणि तिचे हात कळलावीच्या फुलांचे. लग्न होऊन आल्यापासून ती फुलं आणायचा मान थोरल्या सुनेचा, रंभाचा. ओढ्याकाठच्या करवंदीच्या जाळीत तो वेल कुठे चढतो, हे तिला तोंडपाठ होतं. कळलावी म्हणजे सगळीच विषारी, त्यातून कंद तर जहरच. गुरं तिला तोंड लावत नाहीत. पानांची टोकंसुद्धा कुरळी, मिळेल त्या काटकीला धरून वर चढणारी. पण फूल असं की बघत राहावं. पाकळ्या मागे वळून वर उठलेल्या, थेट हाताच्या बोटांसारख्या, आणि फूल जुनं होत जाईल तसा रंग लालभडक. रंभा नेमकी तीच लाल फुलं वेचून आणायची. मग सासू वर्षातून एकदा म्हणायची, "आता गौर घरात आल्यावानी वाटती." एवढंच. बाकी वर्षभर रंभासाठी तिच्या तोंडून चांगला शब्द निघत नसे.

सत्त्याहत्तर साली धाकट्या जयसिंगची बायको होऊन सूस गावची सगुणा आली. पहिल्याच आठवड्यात सासूने तिच्या हातची दुसरी भाकरी मागून घेतली. रंभाच्या भाकरीचं असं भाग्य कधी उजाडलं नव्हतं. तिचा जीव तेव्हापासून जळत होता, आणि गौरीच्या आदल्या दिवशी त्यात तेल पडलं.

"रंभे, औंदा गौर सगुणा आनंल," सासू म्हणाली. "नव्या सुनंची पयली गौर हाय. जागा तेवढी दाव तिला."

"दाविते की, आत्याबाई," रंभा म्हणाली आणि तिने सगुणाला जागा अगदी बरोबर सांगितली. खोटं सांगून पकडलं जाण्याइतकी ती खुळी नव्हती.

दुपारी गवताचं निमित्त करून ती विळा घेऊन ओढ्यावर गेली. वेल नुसता पेटला होता. एकेक फूल तिने खुडलं, पिवळट-तांबडंही ठेवलं नाही. खाली माना घातलेल्या हिरव्या कळ्या तेवढ्या राहिल्या. कळ्यांचे काय हात करणार? विळा मुळाशी गेला, तेव्हा जमिनीतला कंद तिला आठवला. पाठोपाठ सगुणाचं ताट डोळ्यांपुढे आलं, आणि ती स्वतःलाच भ्याली. विळा काढून घेऊन तिने फुलं ओढ्यात सोडली आणि घर गाठलं. रात्री ती चांगली जेवली.

सकाळी सगुणा उंबऱ्याशी आली. टोपलीत तेरडा, आणि तेरड्यावर कळलावीची फुलं. रात्रीतून कळ्या उमलल्या होत्या. पहिल्या दिवशीचं फूल लाल नसतंच. ती फुलं कोवळी पिवळीधमक होती.

धोंडाबाई बघतच राहिली. "अगं बया, हळदीचं हात! गौर नवरीवानी आली गं माझी." शेजारणी वाकून वाकून पाहू लागल्या. धोंडाबाईने सगुणाला विचारलं, "आमी आपली दरसाल लालच बघत आलो. तुला कुनी सुचिवलं हे?"



"जाऊबाईंनी," सगुणा म्हणाली. "जुनी लाल फुलं त्यांनी आदीच काडून टाकलीती. खुडल्यालं देठ ताजं दिसत व्हतं. माज्यासाटी कवळी तेवढी ठिवली."

रंभाने तिच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. त्यात कपट असतं तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. पण ती पोरगी मनापासून बोलत होती.

"रंभे, एवढं मोटं मन हाय तुजं, मला ठावं न्हवतं," सासू सगळ्यांदेखत म्हणाली. "आता दरसाल सगुणालाच जाऊ दे. घाल तिच्या पायावर पानी."

रंभाने तांब्या उचलला. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा चारचौघींत तिचं कौतुक झालं होतं, आणि तेही सगुणाने मिळवून दिलं होतं.