वाऱ्याची पाळी

खंडेराव पगारावर सायकल शर्यती पळायचा, हे गावात कुणाला धड पटत नसे. "मग जिंकलास किती?" असं विचारलं की तो सायकल पुसायला घ्यायचा. कंपनीच्या संघात त्याचं काम जिंकण्याचं नव्हतंच. जिंकायचं ते संघातल्या सर्जेरावानं; त्याच्या पुढं राहून वारा अंगावर घ्यायचा, त्याला पाणी पुरवायचं आणि शेवटच्या वळणावर बाजूला व्हायचं. दुपारच्या उन्हात मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली मुंडकी घालतात, तसा सर्जेराव वर्षानुवर्षं त्याच्या आडोशानं चालला. फोटो सर्जेरावाचे छापून आले.

दोघांनाही निवृत्त होऊन जमाना झाला. त्या दुष्काळी उन्हाळ्यात शहरातल्या सायकल मंडळानं जुन्या खेळाडूंची पैठणपर्यंत शर्यत ठेवली. अध्यक्ष तात्यासाहेब म्हणाले, "खंडेराव, तुम्ही नुसता झेंडा दाखवा. या वयात कशाला?"

"झेंडा तुम्हीच दाखवा. मी पळणार. अन् या खेपेला सोतासाठी."

घरी बायकोनं, वच्छलाबाईनं, त्याच्या गुडघ्याला तेल चोळता चोळता सुनावलं, "सोतासाठी म्हणं! सर्जेराव दिसला की शेपूट हालवत पुढं पळताल."

हे त्याला लागलं. त्याला स्वतःला तीच भीती होती.

आणि झालंही तसंच. रस्ता रुंद करताना कडेचे वड गेले होते. वारा मोकाट सुटला होता. चितेगाव मागं पडलं आणि पाठीमागून हाक आली, "खंड्या, हो पुढं!" डोक्यानं नाही म्हणायच्या आत पाय पुढं झाले. दोघांनी घोळका मागं टाकला. पण बिडकीन गेलं तरी सर्जेराव काही पुढं येईना.

"पाणी दे रे."

कडेला टँकरभोवती घागरींची झुंबड उडाली होती. असल्या दिवसांत पाण्याला कुणी नाही म्हणत नाही. खंडेरावानं आपली बाटली मागं दिली.

पण पाणी वेगळं आणि वारा वेगळा. सायकलवाल्यांत रीत आहे, पुढचा दमला की कोपर बाहेर काढून हलवतो: ये, आता तुझी पाळी. सर्जेरावापुढं खंडेरावाचं कोपर आजवर कधी हललं नव्हतं. आज हललं.

"काय रे, डास चावला का?"

खंडेरावानं पुन्हा कोपर हलवलं आणि पाय थांबवले.

"अरे, मागचे येतील!"

"येऊ द्या की."

"हरशील, येड्या!"

"मला सवय हाय, सायेब. तुमाला नाय."

सर्जेरावही हट्टानं थांबला. दोन्ही सायकली बैलगाडीसारख्या रेंगाळल्या. मागून पाच जण आले आणि हसत पुढं निघून गेले. तेव्हा कुठं सर्जेराव शिवी हासडून पुढं झाला.

खंडेराव त्याच्या मागं गेला, तसा कानातला घोंघाट बंद झाला. इतकं निवांत असतं इथं? त्याला आधी नवल वाटलं, मग सणकून राग आला.

पुढं पाळीला पाळी चालली. पैठणच्या शेवटच्या वळणावर सर्जेराव ओरडला, "हट बाजूला!" खंडेराव हटला नाही.

"सहावे, आपले लाडके सर्जेराव!" तात्यासाहेबांनी सवयीनं पुकारलं. धापा टाकत खंडेरावानं त्यांच्या हातातला माईक ओढला.

"सहावा मी. खंडेराव. सर्जेराव सातवे."

सर्जेराव सायकलवर ओणवा झाला होता. "खंड्या... पाणी..."

"बाटली तुमच्यापाशीच हाय," खंडेराव म्हणाला. "उरलं असंल तर हिकडं द्या."