निळं टोक कुठे गेलं

मित्रांनो, मी एक जुनी लाल-निळी पेन्सिल आहे. माझ्यातला निळा भाग आता उरलेला नाही, तरी नाव तेच चालू आहे. उन्हाळ्यात पुण्यातली नदी पाहिली असेल, तर हे तुम्हाला समजावून सांगायला नको.

माझा जन्म कुठे झाला ते मला माहीत नाही. टोक काढेपर्यंत पेन्सिलीला काही कळत नसतं. मला पहिली आठवण आहे ती खडकी बाजारातल्या दादामियाँच्या दुकानाची. वर्ष एकोणीसशे बहात्तर. मी एका बरणीत उभी होते आणि शेजारच्या बरणीत लिमलेटच्या गोळ्या होत्या. त्यामुळे माझ्याकडे कुणी बघत नसे.

एके दिवशी विजयमाला आली.

"चाचा, नुसती निळी पेन्सिल आहे का हो?"

"आहे की. ही घ्या आणि मधून मोडा."

तिने मला घेतलं, पण मोडलं नाही. याबद्दल मी तिची जन्मभर ऋणी आहे.

विजयमालाचे वडील जयसिंगराव दारूगोळ्याच्या कारखान्यात कामाला होते. विजयमाला तत्त्वज्ञानात एम.ए. करत होती. घरात याला कुणाचा विरोध नव्हता, कारण तत्त्वज्ञान म्हणजे काय ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

"आमच्याकडं चूक झाली की मोठा आवाज होतो," जयसिंगराव म्हणायचे. "तुमच्यात चूक झाली हे कळतं कसं?"

"कळत नाही ना अण्णा. म्हणून तर हजारो वर्षं चाललंय."

पण एक अडचण होती. विजयमाला लेखी परीक्षेत हुशार, आणि तोंडी परीक्षेला बसली की तोंडच उघडत नसे. मागच्या वर्षी ती त्यातच नापास झाली होती. परीक्षकांनी नाव विचारलं, तेवढंच तिला सांगता आलं होतं. आता अण्णांनी बजावलं होतं, "या खेपेला नाही झालं तर पुस्तकं बंद. टायपिंगचा क्लास लावायचा. साहेबांशी बोलून ठिवलंय मी."

म्हणून ती मला हातात घेऊन बसली. पुस्तक अप्पा बळवंत चौकातून जुनं घेतलेलं होतं. आधीच्या मालकाने पहिल्या पानावर समासात 'वा!' लिहिलं होतं, दुसऱ्यावर 'म्हणजे?', आणि मग पुस्तक विकलं होतं.

विजयमालाचा नियम साधा होता. वाक्य कळलं की खाली लाल रेघ, नाही कळलं की निळी. पहिली लाल रेघ तिने अनुक्रमणिकेखाली मारली. त्यानंतर बरेच दिवस माझ्या लाल टोकाला काही काम नव्हतं. निळं मात्र ब्लेडने तासून तासून आखूड होत गेलं आणि परीक्षा येईपर्यंत संपलं. लाल टोक आरामात होतं आणि माझ्याच दुसऱ्या टोकाला हसत होतं. घरातली भांडणं तुम्ही पाहिली असतील. माझं घर फक्त एका वितीचं होतं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी तिची आई, मुक्ताबाई, तांदूळ निवडत शेजारी बसल्या. त्यांची नजर उघड्या पानावर गेली.

"'पदार्थ सात आहेत,'" त्यांनी मोठ्यांदा वाचलं. "आन् कृती एकाचीबी दिलेली नाय."

"आई, हे खायचे पदार्थ नाहीत. जगात जे जे आहे त्याचे सात प्रकार."

"बरं. सातवा कोणता?"

"अभाव. म्हणजे एखादी गोष्ट नसणं. तेच मला कळत नाहीये. जे नाही, ते दिसतं म्हणे!"

"अभावाचा पदार्थ?" मुक्ताबाई हसल्या.

जेवत बसलेले जयसिंगराव ताटातून वर न बघता म्हणाले, "त्यात काय. आज तोच केलाय तुझ्या आईनं. आमटीत डाळच नाय."

"अहो, असलेलं मीठ कधी दिसलं न्हाई तुम्हाला," मुक्ताबाई म्हणाल्या, "आन् नसलेली डाळ बरी दिसली!"

 विजयमालाने मला उलटं केलं आणि त्या वाक्याखाली लाल रेघ मारली. लाल टोकाला त्या दिवशी पहिल्यांदा घाम फुटला.

दुसऱ्या दिवशी परीक्षेच्या खोलीत ती मला मुठीत धरून बसली होती. समोर सुनीतीबाई नावाच्या परीक्षक होत्या.

"अभाव दिसतो असं म्हणतात. उदाहरण द्या. जमिनीवर घडा नाही, हे पुस्तकातलं सोडून. ते ऐकून माझे केस पिकले."

विजयमालाच्या तोंडाला कुलूप लागलं. आमटी तिला आठवली असणार. पण घरातली डाळ परकी माणसं असताना कशी काढायची? मूठ घट्ट झाली. मला वाटलं, आता मी मोडणार आणि ती टायपिंगला जाणार. तिने खाली पाहिलं, आणि तिला मी दिसले. एका बाजूला भरपूर लाल आणि दुसऱ्या बाजूला नुसतं पांढरं लाकूड.

तिने मला टेबलावर ठेवलं.

"इथे निळं नाही," ती म्हणाली. "आणि ते नाही, हे आपल्याला दिसतंय."

"कोणत्या प्रकारचा अभाव?"

"प्रध्वंसाभाव. आधी होतं, मग संपलं."

"कशाने संपलं?"

"न कळल्याने, बाई."

सुनीतीबाई इतक्या हसल्या की शिपाई आत डोकावला. मग अर्धा तास विजयमाला बोलत होती. मी टेबलावर पडून होते. आयुष्यात पहिल्यांदाच लोक माझ्याकडे बघत होते, तेही माझ्यात नसलेल्या भागाकडे.

ती पास झाली. पुढे कर्वेनगरात प्राध्यापक झाली आणि निवृत्तही झाली. मी तिच्या टेबलावरच्या पितळी पेल्यात, बंद पडलेल्या बॉलपेनांमध्ये उभी आहे. तिच्याकडे शिकायला येणारी मुलं हल्ली पिवळ्या पेनाने अख्खं पान रंगवतात. पानाला हळद लागते, पण लग्न कुणाशी ते कळत नाही.

मागच्या आठवड्यात तिने ते जुनं पुस्तक काढलं. निळ्या रेघांवरून हळूच बोट फिरवत गेली. त्यातल्या कितीतरी ओळी आता तिला कळत होत्या. तिने मला उचललं, लाल टोक एका निळ्या रेघेवर टेकवलं, आणि थांबली.

"राहू दे," ती म्हणाली, आणि मला पेल्यात ठेवलं.

मित्रांनो, तेव्हा मला कळलं की सुनीतीबाईंना दिलेलं उत्तर थोडं चुकलं होतं. माझं निळं टोक संपलेलं नाही. ते त्या पुस्तकात राहायला गेलंय. म्हणून एक विनंती आहे. जे कळलं नाही त्याची लाज धरू नका, त्याच्याखाली रेघ मारा. आणि तुमच्या पेन्सिलीला सांभाळा. मोडायची वेळ आलीच, तर आधी तिच्याकडे एकदा नीट बघा.