आंजर्ल्याच्या वाळूवर

मित्रांनो, मी एक जुनी सतरंजी आहे. विटकरी आणि निळ्या पट्ट्यांची. आता विटकरी रंग उडून शेंगदाण्याच्या सालासारखा झाला आहे, आणि निळा पट्टा नेमका कुठे संपतो ते मलाही सांगता येत नाही.

हातमागावर माझा जन्म झाला. दिग्रसच्या बाजारात एका दुकानात मी गुंडाळून उभी होते. नुकतंच लग्न झालेल्या कुंदाने मला उलगडलं, गालाला लावून पाहिलं आणि नवऱ्याला म्हणाली, "अहो, हिच्यावर आपण दोघं आरामात मावू." नरहरराव तेव्हा तिथल्या पंचायत समितीत नोकरीला होते. त्यांनी मला खांद्यावर टाकलं आणि मी त्या घरची झाले.

कोजागरी झाली, आभाळ धुतल्यासारखं निळं झालं, की दोघं फिरायला निघत. कधी झरी जामणीच्या जंगलातल्या ओढ्याकाठी, कधी बाभुळगावजवळ त्यांच्या जुन्या स्नेह्याच्या, घनश्यामभाऊंच्या शेतावर, आणि जमेल त्या वर्षी थेट कोकणात, आंजर्ल्याच्या समुद्रावर. मला पसरलं की कुंदा आधी चपला काढून बाजूला ठेवी. मग दोघं बसत आणि त्यांचे आवाज आपोआप हळू होत. ओढ्याचा ओलावा खालून माझ्यात चढे, उन्हाची ऊब वरून उतरे, आणि मध्येच माझा डोळा लागे. जागी होई तेव्हा कुंदा गुणगुणत असे, नाहीतर तीही झोपलेली असे. प्रत्येक जागेची थोडी माती माझ्या धाग्यांत राहिली आहे. कुंदाने मला कितीदा झटकलं, तरी ती गेली नाही.

पुढे नरहरराव निवृत्त झाले, दोघं यवतमाळला स्थिरावली आणि कुंदाचे गुडघे दुखू लागले. पुण्याहून मंदारने, त्यांच्या मुलाने, घडीच्या खुर्च्या पाठवल्या. "आईला आता खाली बसू देऊ नका," असं त्याने बाबांना बजावलं. मग डांबराच्या गोळ्या घालून माझी रवानगी माळ्यावर झाली. अंधारात मी समुद्राची स्वप्नं पाहायची. खाली कुंदा खिडकीशी खुर्चीत बसून राही. "जिना उतरू नकोस, वाकू नकोस," हे नरहररावांचं बोलणं मला वर ऐकू येई. कुंदाचं गुणगुणणं मात्र ऐकू येईनासं झालं.

यंदा शरदात ती एकाएकी म्हणाली, "आपण जाऊ या. समुद्रावर, शेतावर, जिथं जिथं आवडलं होतं तिथं."

"अगं, आणि तुझे गुडघे?"

"ते येतीलच की बरोबर!"

नरहरराव हसले. त्यांनी खुर्च्या बांधल्या. कुंदाने मात्र शेजारच्या मुलीकडून मला माळ्यावरून काढून घेतलं आणि उन्हात टाकलं. किती वर्षांनी ऊन अंगावर आलं, मित्रांनो!

आंजर्ल्याला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. गाडीचा चालक गावात चहाला गेला. सुरूच्या बनातून दोघं किनाऱ्यावर आली. कुंदाने खुर्चीकडे पाहिलंसुद्धा नाही. नरहररावांच्या खांद्याचा आधार घेऊन ती माझ्यावर टेकली आणि तिने पाय लांब केले. पाणी दूर होतं, चांदीच्या पातळ पत्र्यासारखं. दोघं जुन्या गोष्टी बोलू लागली. बोलता बोलता नरहरराव आडवे झाले आणि झोपले. कुंदा गुणगुणू लागली. थोड्या वेळाने तिचाही डोळा लागला आणि माझाही.

माझ्या काठाला गार पाणी लागलं तेव्हा भरती अगदी जवळ आली होती.

"अहो, उठा! पाणी आलं!"

नरहरराव धडपडत उठले. त्यांनी कुंदाला हात दिला. ती अर्धी उठली, कळवळली आणि पुन्हा बसली. तिचा गुडघा अडकला होता. फोन गाडीत राहिला होता आणि किनाऱ्यावर चिटपाखरू नव्हतं. त्यांनी मोठ्याने हाका मारल्या, पण लाटांपुढे त्या कुणाला ऐकू जाणार?

"तुम्ही जा, माणसं घेऊन या," कुंदा म्हणाली.

"तुला टाकून? शक्यच नाही."

पुढची लाट तिच्या कमरेपर्यंत आली. त्या लाटेत मी क्षणभर वाळूवरून उचलले गेले. नरहररावांच्या ते लक्षात आलं. "कुंदा, हिला दोन्ही हातांनी घट्ट धर. लाट आली की मी ओढतो." त्यांनी माझी दोन टोकं मुठीत पकडली. लाट आली, त्यांनी ओढलं. लाट गेली, ते थांबून धापा टाकू लागले. पुन्हा लाट, पुन्हा ओढ. माझा एक काठ टरकन फाटला, खारं पाणी धाग्याधाग्यात झोंबलं, पण मी कुंदाला सोडलं नाही. सगळं आयुष्य जमिनीवर काढलेली मी त्या दिवशी होडी झाले होते.

कोरड्या वाळूवर आल्यावर नरहरराव मटकन खाली बसले आणि रडू लागले. कुंदा मात्र नखशिखांत भिजलेली, आणि हसत होती. "अहो, किती वर्षांनी समुद्रात गेले मी!"

रात्री मुक्कामी नरहरराव म्हणाले, "आता सरळ घरी. पुन्हा कुठं जायचं नाही."

कुंदा म्हणाली, "आज मला भीती वाटली, हे खरं. पण घरात त्या खिडकीशी बसून मला रोज वाटते. ते तुम्हाला कधी सांगितलं नाही."

नरहररावांनी तिचा हात हातात घेतला. सकाळी त्यांनी चालकाला गाडी बाभुळगावकडे घ्यायला सांगितली.

चार दिवसांनी आम्ही बाभुळगावला होतो. शेतात कापूस फुटला होता आणि तूर कमरेएवढी हिरवीगार उभी होती. घनश्यामभाऊंच्या पत्नी लीलाबाईंनी कुंदासाठी घरातून खुर्ची आणली. पण नरहररावांनीच मला आंब्याखाली पसरलं आणि कुंदाला हळूच खाली बसवलं.

"अवं ताई, खाली कायले बसून राह्यल्या? मंग उठान कशा?" लीलाबाई म्हणाल्या.

"तुम्ही आहात ना उठवायला," नरहरराव म्हणाले.

"मले तं सोताले उठता येत नाही, भाऊजी!" असं म्हणत लीलाबाईही माझ्यावर येऊन बसल्या. माझा फाटका काठ पाहून त्यांनी सुई-दोरा मागवला आणि टाके घालू लागल्या. तुरीवरून वारा येत होता. कुंदा गुणगुणत होती आणि नरहरराव डोळे मिटून ऐकत होते.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना जपा, पण माळ्यावर टाकून नका जपू. आम्हाला पसरा, मळवा, उन्हात घाला, फाटलं तर शिवा. आणि घरात कुणाचे गुडघे दुखत असतील, तर त्यांना नुसती खुर्ची देऊन मोकळे होऊ नका. जवळ बसा आणि विचारा, "सांगा, कुठं जाऊ या?"