काचखोलीतला एक इंच

बाबांनी हत्यारं कायमची पेटीत ठेवली, आणि ती माझ्यामुळे ठेवली. आता आपण असं समजू की असं काही झालेलंच नाही. मला सवय आहे, गेले दोन महिने मी घरात तेच करतोय.

तर, आम्ही घराच्या मागच्या बाजूला लाकडी चौकटीची काचखोली बांधत होतो. तीन बाजूंना काचा, चौथ्या बाजूला आमची जुनी भिंत, वर पारदर्शक पत्रे. कल्पना माझी. चाळीस वर्षं सुतारकाम करून बाबा घरी बसले होते आणि बसणं त्यांना अजिबात जमत नव्हतं. स्वयंपाकघरातला धडधाकट स्टूल त्यांनी तीनदा दुरुस्त केला होता.

"अजून एकदा केला तर त्याचा सोफा होईल," ताई म्हणाली. ताई माझी मोठी बहीण. घरातल्या विरोधी पक्षाचं काम ती एकटी बघते.

"म्हणून बाबांसाठी काचखोली," मी म्हणालो.

"आणि बांधणार कोण? तू?"

मी एका ऑफिसात बसून दुसऱ्या ऑफिसांना स्मरणपत्रं पाठवतो. हातोडी मी फक्त दुसऱ्याच्या हातात देऊ शकतो.

"बाबाच बांधतील."

"म्हणजे भेट म्हणून तू त्यांना काम देणार."

"हो."

ताईने थोडा विचार केला. "शहाणा आहेस की," ती म्हणाली. असं ती मला वर्षातून एकदा म्हणते. यंदाचं ते होतं.

बाबा आठवडाभरात दहा वर्षांनी लहान झाले. कप उचलताना त्यांचा उजवा हात थरथरायचा, पण करवत धरली की तोच हात मुकाट्याने कामाला लागायचा. तरी मी लक्ष ठेवून होतो. एकदा त्यांनी माझ्या चहात दोनदा साखर घातली. एकदा कपाळावरचा चष्मा घरभर शोधला, आणि तोही मलाच शोधायला लावून. मी या गोष्टी मनात नोंदवत गेलो. नोंदी ठेवणं हा माझा धंदाच आहे.

आता टेपबद्दल सांगायला हवं. बाबांच्या मोजायच्या टेपचा पहिला इंच ते कामाला लागले त्याच वर्षी मोडला होता. बाबांनी उरलेला तुकडा कात्रीने बरोबर एकच्या रेघेवर कापला, म्हणजे टेप सुरूच एकपासून होते. त्यामुळे जे वाचायचं त्यातून एक वजा करायचा. नवी टेप घ्या म्हटलं की म्हणायचे, "एकच तर गेलाय. एकशे एकोणीस आहेत ना अजून?"

चौकटी उभ्या राहिल्या. काचा बसण्यासाठी बाबांनी चौकटींच्या आतल्या कडांना, बाहेरच्या अंगाने, चारी बाजूंनी अर्ध्या अर्ध्या इंचाची खाच पाडली होती. मग काचांची मापं घ्यायला आम्ही दोघं उभे राहिलो. बाबा खाचेपासून खाचेपर्यंत टेप लावून आकडा सांगत आणि कानामागची पेन्सिल काढून चौकटीच्या बाजूलाही लिहीत. मी वहीत.

"अठ्ठेचाळीस," बाबा म्हणाले.

मला वाटलं, बाबा इंच वजा करायला विसरले असतील. विचारलं असतं तर त्यांना लागलं असतं. म्हणून मी काही न बोलता, अगदी मायेने, वहीत सत्तेचाळीस लिहिलं.

"छत्तीस."

पस्तीस.

अशी नऊ चौकटींभर मी माया केली.

काचा आल्या तो रविवार होता. काचवाला बाहेरून काच लावणार आणि मी आतून नुसता आधाराला हात लावणार, असं ठरलं. बाबा आणि ताई बाजूला उभे. काचवाल्याने पहिली काच चौकटीला टेकवली. ती टेकली नाही. कुठेही न अडता ती चौकटीतून सरळ आत आली आणि पाहुण्यासारखी माझ्या हातात येऊन थांबली.

काचवाला मोकळ्या चौकटीतून माझ्याकडे बघत राहिला. "साहेब, ही खिडकी आहे की टपालपेटी?"

ताई हसली. काचवाल्याने स्वतःची टेप काढली, आधी काच मोजली, मग चौकट. "बरोब्बर एक इंच कमी. उभी पण आणि आडवी पण. मापं कुणी काढली?"

'बरोब्बर एक इंच' ऐकलं आणि मला सगळं कळलं. बाबा वजा करूनच बोलत होते. चाळीस वर्षं ते वजा करूनच बोलत आले होते. हे मला त्या क्षणी कळलं, आणि मी बोललो ते कळल्यानंतर बोललो. हे मुद्दाम सांगतोय, कारण मधे निदान एका श्वासाचा वेळ होता.

"मापं बाबांनी सांगितली," मी म्हणालो. "वय झालंय ना आता. हात थरथरतो."

वाक्य इतकं सफाईने आलं, जणू त्यावर जावक क्रमांकसुद्धा असावा.

बाबांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. कामावर उशिरा आलेल्या माणसाकडे बघावं तसं.

"असेल," ते म्हणाले. "माझंच चुकलं असेल."

"जाऊ दे हो बाबा," काचवाला म्हणाला. "आमच्याकडे तर तरुण पोरं चुकतात." मी त्याच्या हातात काच परत दिली.

बाबांनी काचा बदलू दिल्या नाहीत. "काच कमी पडली तर लाकूड वाढवायचं," म्हणाले, आणि उरलेल्या लाकडाच्या छत्तीस पट्ट्या काढायला बसले. प्रत्येक चौकटीला चार. अकरा दिवस लागले. ताईने नवी टेप आणली होती. दर पट्टी कापण्याआधी बाबा मला हाक मारायचे.

"अरे, तू वाच. माझं नको."

मी वाचायचो. छत्तीस वेळा वाचलं. छत्तीस वेळा तोंड उघडलं आणि त्यातून फक्त आकडा आला.

पट्ट्या बसल्यावर खोली इतकी देखणी झाली, की शेजारच्या काकू म्हणाल्या, "ही आतली दुहेरी चौकट कुणाच्या डोक्यातून निघाली?"

"माझ्या," मी म्हणालो. म्हणजे त्या दिवसांत मी खरं एवढंच बोललो.

मग रंगाचं काम माझ्याकडे आलं. ब्रश घेऊन पहिल्या चौकटीपाशी गेलो तर बाजूला बाबांची पेन्सिल: ४८, ३६. ठसठशीत, एकही रेघ हललेली नाही. नऊ चौकटींवर तसंच. बाबांनी ते आकडे पुन्हा पाहिलेच नव्हते. मुलगा चुकलं म्हणाला, म्हणजे चुकलं. मुलाचं बोलणं त्यांनी टेप लावून तपासलं नाही.

मी त्या आकड्यांवर रंग दिला. दोन हात दिले. लाकडाला दोन हात चांगले असतात.

रंग झाला त्याच आठवड्यात काकू बाबांकडे आल्या. त्यांना घराला दार करून हवं होतं, बाबांच्याच हातचं.

"आता नाही जमायचं," बाबा म्हणाले. "माझं माप चुकतं." आणि करवत, रंधा, ती एकपासून सुरू होणारी टेप, सगळं पेटीत घालून त्यांनी पेटी पलंगाखाली सरकवली.

काचखोलीत ते बसत नाहीत. स्वयंपाकघरात स्टुलावर बसतात. स्टूल आता खरोखर डुगडुगतो. बाबा त्याच्याबरोबर डुगडुगतात आणि काही करत नाहीत.

काल मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. "बाबा, ती मापं..."

"हं?"

"चहा टाकू?"

"टाक," ते म्हणाले. "साखर तूच घाल. मी दोनदा घालतो."

दारात उभी असलेली ताई माझ्याकडे बघत होती. तिने पुढे होऊन साखरेचा डबा माझ्या हातात दिला.

आज काचखोलीचं काम पूर्ण झाल्याचा पालिकेचा फॉर्म भरायला बसलो. त्यात एक रकाना आहे, 'मंजूर आराखड्यात बदल असल्यास'. तो पुरला नाही, म्हणून वेगळा कागद जोडला आहे.

प्रति, बांधकाम परवानगी विभाग. विषय: एक इंच वर्ग करण्याबाबत. उपरोक्त विषयास अनुसरून विनंती की, सदर काचखोलीच्या नऊ काचांत कमी आढळलेला एक इंच आपल्या कार्यालयाने अर्जदाराच्या वडिलांच्या नावावरून कमी करून अर्जदाराच्या नावे लावावा. तसा लेखी आदेश वडिलांना स्वयंपाकघरात, स्टुलावर, समक्ष वाचून दाखवावा. आणि तो वाचला जात असताना अर्जदारास घराबाहेर थांबण्याची परवानगी मिळावी, ही नम्र विनंती.