वांग्यांतलं जहर

घाटंजीच्या बाजारात सगळी गर्दी एका टबाभोवती. टबात मिठाचं पाणी, त्यात लोखंडी पट्ट्यांची डबी, डबीला बॅटरीची वायर. मागे भगव्या सदऱ्यात विषहारी महाराज. "पाय बुडवा, माउली! फवारणीचं जहर तळपायातून खेचतो. डॉक्टर सुई टोचतो, आम्ही आयन सोडतो!"

आयन! तेवीस वर्षं मी हा शब्द शाळेच्या फळ्यावर लिहिते आहे. पोरांना तो परीक्षेपुरता कळला, या भामट्याला धंद्यापुरता.

मागच्या बाजारी उकंडा याच टबाशी बसला होता. कपाशी फवारून आला तो तोंडाला लाळ, डोळ्यांपुढे अंधारी. त्याची बायको नलू त्याला दवाखान्यात नेत होती, वाटेत हा टब दिसला. पाणी तांबडं झालं, फेस आला. नलू माझी जुनी विद्यार्थिनी. मला पाहून हसली, "मॅडम, निघालं जी सारं जहर! आता घरीच नेतो." "अगं, दवाखान्यात जा," मी म्हणाले; पण बस सुटत होती, मी थांबले नाही. दुसऱ्या दिवशी उकंडा गेला.

आज मी दोन वांगी घेऊन गेले. "महाराज, यांचं जहर काढा."

"अश्रद्धेनं यंत्र कोपते, बाई!"

"कोपू द्या." नवं पाणी, नवं मीठ; वांगी टबात सोडली, बटण मीच दाबलं. दहा-पंधरा मिनिटांत पाणी तांबडं, फेसासकट.

"अबे, वांग्यानंही फवारणी केली काय बे?" कुणीतरी ओरडलं. लोक खदखदले. महाराज वायर गुंडाळू लागले.

मी सांगितलं, "मिठाचे आयन पाण्यात सुटे होतात, म्हणून वीज वाहते. पट्टीतल्या लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन गमावून आयन होतात, पाण्यात उतरतात, ऑक्सिजनशी बंध जोडतात. हा गंज आहे. विषाचा एक रेणूही यात नाही."

तेवढ्यात गर्दीतून नलू पुढे आली. "मॅडम, म्हंजे त्याइच्या आंगातलं जहर आंगातच होतं?"

"हो," मी म्हणाले. खोटं कसं बोलू?

ती टबाशी बसून ढसाढसा रडली. मग उठली. रांगेत हिरासिंग उभा होता, फवारणीहून आलेला, घामाघूम. तिनं त्याचा हात धरला.

"दादा, हे कपडे काढ, साबणानं आंग धू, फवारणीच्या औषधाची बाटली संग घे अन् सीधा दवाखान्यात जाय. पाण्याचा रंग पाहत बसू नोको. मी पाह्यला."