तळ गाठण्याची शर्यत

आमच्या शहराच्या बास्केटबॉल संघाने यंदा हरण्यासाठी जेवढी मेहनत घेतली, तेवढी जिंकण्यासाठी कधी घेतली नव्हती. लीगचा नियमच तसा आहे. तळाच्या संघांना जागेप्रमाणे आकडे वाटून सोडत काढतात आणि ज्याचे आकडे निघतील त्याला कॉलेजातला सगळ्यात भारी पोरगा मिळतो. त्यामुळे फेब्रुवारीपासून आमच्या चांगल्या खेळाडूंचे गुडघे एकेक करून दुखू लागले. माझ्या बारमधली मंडळी तर आपल्याच संघाचा चेंडू रिंगमध्ये गेला की कपाळाला हात लावायची.

शेवटच्या सामन्यात, शेवटच्या क्षणी, आमच्या ओडेल प्रुइटने लांबून चेंडू फेकला आणि तो थेट रिंगमध्ये गेला. आम्ही जिंकलो, म्हणजे तळापासून एक पायरी वर चढलो. तळाला राहिलं तलावापलीकडचं शहर, ज्याला गेल्या दोन्ही वर्षी सोडत लागली होती. तेव्हापासून ओडेल गावाचा वैरी झाला. त्याची आई व्हर्ना माझ्या बारमध्ये चिकन विंग्ज तळते. पोराचा करार वाढतो की नाही, एवढाच घोर तिला लागला होता.

सोडतीच्या संध्याकाळी बार गच्च भरला होता. टीव्हीवर शेवटचं, पहिल्या नंबरचं पाकीट उघडलं आणि त्यातून पुन्हा तलावापलीकडचं शहर निघालं. सलग तिसऱ्यांदा.

माझ्या रोजच्या गिऱ्हाइकाने, लेन डोम्ब्रोस्कीने, ग्लास आपटला. "ते आकडे तळाच्या जागेचे. म्हणजे आपले. त्या पोराने फुकटात देऊन टाकले."

"तळाच्या तिघांना संधी सारखीच असते, लेन," मी म्हटलं.

"संधी घाल चुलीत. आकडे कुणाचे निघाले ते बोल."

व्हर्नाने विंग्जची प्लेट त्याच्यासमोर ठेवली. "त्या पोराला नाव आहे."

"तुझ्यावर राग नाही गं माझा."

"माझा आहे तुझ्यावर."

तेवढ्यात ओडेल आईला घरी न्यायला आला.

"या, साहेब," लेन म्हणाला. "नेम लागायला तुला तोच दिवस सापडला?"

ओडेल थकलेला दिसत होता. "मिस्टर डोम्ब्रोस्की, मी वर्षभर बाकावर बसलो. त्या दिवशीच का उतरवलं मला? कोच म्हणाला, मोकळा सापडलास की मार. मी चुकणार याची त्यांना खात्री होती."

कोपऱ्यात कुणीतरी हसलं.

"हे मला बोलला नाहीस," व्हर्ना म्हणाली.

"तू चर्चभर माझं कौतुक सांगत सुटली होतीस, ममा. कसा बोलणार?"

"आणि कराराचं?"

"सकाळी फोन आला. नको म्हणाले."

सकाळी. म्हणजे सोडत निघायच्या आधीच. पहिला नंबर आम्हाला लागला असता, तरी ओडेलच्या नशिबात हेच होतं. इथे मात्र आम्ही दीड महिना त्याच्या नावाने शिमगा करत होतो.

व्हर्नाने ॲप्रन सोडला नाही. लेनच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली.

"पदरचे पैसे घालून तिकीट काढायचं आणि 'हरा, हरा' म्हणून बोंबलायचं. त्या संध्याकाळी तिथे माझं पोरगं तेवढं खेळायला गेलं होतं. बाकी तुम्ही सगळे कशाला गेला होतात रे?"

लेनने एक विंग उचलून तोंडात घातली.

"पुढच्या वर्षी जाणार?"

लेन खोटं बोलणारा माणूस नाही. त्याने जरा विचार केला. "जावंच लागेल. नीट हरलो, तर पुढच्या खेपेला चान्स आहे आपला."

व्हर्नाने त्याच्यासमोरची प्लेट उचलली. त्याने एकच विंग खाल्ली होती. उरलेल्या तिने ओडेलसाठी बांधून घेतल्या आणि दोघं निघून गेली. लेनने माझ्याकडे पाहिलं. मी त्याचं बिल पुढे सरकवलं, पूर्ण प्लेटचं.